विमानाचं नाक कुणाच्या हातात?

१४ फेब्रुवारी १९९० रोजी दुपारी बाराच्या ठोक्याला दोन मिनिटं असताना इंडियन एअरलाइन्सचं ६०५ क्रमांकाचं विमान मुंबईहून बंगळूरकडे निघालं. एअरबस ए-३२०, ताफ्यात येऊन जेमतेम दोन महिने झालेलं. प्रवासी १३९, कर्मचारी ७. हवा स्वच्छ होती, इंजिनांत बिघाड नव्हता. एक वाजून तीन मिनिटांच्या सुमारास, एचएएल विमानतळाची धावपट्टी डोळ्यांसमोर दिसत असताना, विमान धावपट्टीच्या अलीकडे कर्नाटक गोल्फ क्लबच्या हिरवळीवर टेकलं, उसळलं, पुढच्या बांधावर आदळलं आणि पेटलं. ९२ माणसं गेली, ५४ वाचली.

विमान अपघातांबद्दल मी जे काही वाचलं आहे, त्यात हा अपघात मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करतो. त्या विमानात काहीच मोडलेलं नव्हतं. संगणकाला जे सांगितलं गेलं होतं तेच तो इमानाने करत होता. आपण त्याला नेमकं काय सांगून बसलो आहोत, हे कॉकपिटमधल्या दोघा अनुभवी माणसांच्या ध्यानात यायला काही सेकंद उशीर झाला, एवढंच.

ए-३२० मध्ये इंजिनांचा जोर आपोआप कमी-जास्त करणारी यंत्रणा असते. तिचं नाव ऑटोथ्रस्ट. ती कोणत्या पद्धतीने काम करणार हे ठरलेलं असतं. त्या पद्धतीला वैमानिक ‘मोड’ म्हणतात. एका मोडमध्ये ती ठरवून दिलेला वेग राखते, वेग पडू लागला की इंजिनांना जोर देते. दुसऱ्या एका मोडचं नाव ‘आयडल ओपन डिसेंट’. त्यात इंजिनं अगदी मंद फिरत राहतात आणि विमान आपली उंची खर्चून वेग टिकवतं. खूप वरून खाली येताना हा मोड उत्तम, इंधन वाचतं. पण धावपट्टी जवळ आल्यावर वैमानिकाला ठरावीक उतारावरूनच यावं लागतं. विमान त्या उताराच्या खाली जाऊ लागलं की तो साहजिकच नाक वर घेतो. इंजिनं मंद आणि नाक वर, म्हणजे वेग घसरणारच. त्या दुपारी तेच झालं. १३२ नॉट राखायचा वेग शेवटी पंचवीसेक नॉटनी खाली गेला होता.

हा मोड ऐन उतरताना कसा काय लागला? चौकशी न्यायालयाला त्याचं पक्कं उत्तर मिळालं नाही. उंची ठरवण्याचं बटण आणि खाली येण्याची गती ठरवण्याचं बटण एकाच पट्टीवर जवळजवळ असतात. एक फिरवायचं ते दुसरं फिरलं असावं, ही शक्यता पुढे आली. ती सिद्ध करता आली नाही. मात्र पुढचा एक तपशील कॉकपिटच्या ध्वनिमुद्रणात आहे. प्रत्येक वैमानिकासमोरच्या पडद्यावर दिशा आणि चढ-उतार दाखवणाऱ्या रेषा असतात, त्यांना फ्लाइट डायरेक्टर म्हणतात. दोघांचेही फ्लाइट डायरेक्टर बंद केले असते, तर ऑटोथ्रस्ट आपोआप वेग राखण्याच्या मोडवर आलं असतं. एकाचा बंद झाला, दुसऱ्याचा चालू राहिला. त्या विमानात एक वैमानिक कॅप्टनपदासाठी चाचणी देत होता आणि शेजारी बसलेला ज्येष्ठ कॅप्टन ती घेत होता. तू माझा बंद केला नाहीस, अशा अर्थाचं बोलणं त्या दोघांत झालं, तेव्हा जमीन काही शे फुटांवर आली होती.

आणखी एक गोष्ट अशी की, जुन्या विमानांत यंत्रणा इंजिनांचा जोर कमी करते तेव्हा वैमानिकाच्या तळहाताखालचे दांडेही मागे सरकतात. नजर बाहेर धावपट्टीवर असली तरी हाताला कळतं की इंजिन मंदावलं. ए-३२० मध्ये ते दांडे एका खाचेत बसून राहतात. इंजिनं पूर्ण जोरात असोत की मंद, हाताला दांडा तिथेच लागतो. कोणता मोड लागला आहे ते पडद्याच्या वरच्या कडेला बारीक अक्षरांत लिहून येतं. यंत्राचा आवाज चारशे, तीनशे, दोनशे असे फूट मोजत होता. शेवटी इंजिनांना पूर्ण जोर मिळाला, पण मंद फिरणारं इंजिन पुरत्या ताकदीला यायला काही सेकंद घेतं. ते सेकंद हातात नव्हते.

न्यायमूर्ती के. शिवशंकर भट यांच्या चौकशीने मुख्य ठपका वैमानिकांवर ठेवला. परिस्थितीचं गांभीर्य त्यांनी वेळेवर ओळखलं नाही, दांडे पुढे ढकलले नाहीत. हे खरंच आहे. तरीही ‘वैमानिकाची चूक’ म्हटल्याने सगळा उलगडा होतो, असं मला वाटत नाही. हातातला दांडा काही सांगत नाही, पडद्यावरची अक्षरं बारीक आहेत आणि नजर धावपट्टीवर ठेवणं हे तर कामच आहे. अशा वेळी यंत्राचा आणि माणसाचा संवाद कुठे तुटला, हा प्रश्न चूक कुणाची या प्रश्नाइतकाच मोठा आहे. भारत सरकारने तेव्हा इंडियन एअरलाइन्सची उरलेली ए-३२० विमानं जमिनीवर उभी केली आणि ती काही महिने उडाली नाहीत.

दोन वर्षांनी, २० जानेवारी १९९२ रोजी, फ्रान्समध्ये एअर इंटरचं ए-३२० स्ट्रासबुर्गजवळच्या डोंगरावर आदळलं. ९६ पैकी ८७ जण मेले. तिथेही यंत्र शाबूत होतं. चौकशीत जे सर्वांत संभाव्य मानलं गेलं ते असं: वैमानिकांना ३.३ अंशांचा उतार हवा होता, पण यंत्र दुसऱ्या मोडमध्ये होतं. त्यामुळे तेच दोन आकडे यंत्राने मिनिटाला ३,३०० फूट असे वाचले. पडद्यावर एका मोडमध्ये ‘३.३’ आणि दुसऱ्यात ‘३३’ उमटत असे, फरक एका टिंबाचा. त्यानंतर एअरबसने खाली येण्याची गती चार आकड्यांत दाखवायला सुरुवात केली.

हे सगळं समजून घ्यायला विमान चालवणं मुळात कसं असतं ते पाहायला हवं, आणि त्यासाठी आपल्या खानदेशातून लांब जायची गरज नाही. धुळ्याच्या गोंदूर विमानतळावर, शिरपूरजवळच्या धावपट्टीवर आणि जळगावच्या विमानतळावर तरुण मुलं-मुली उड्डाण शिकतात. त्यांची प्रशिक्षणाची छोटी विमानं अगदी सरळ असतात. हातातली दांडी ओढली की तारा आणि दांडे ओढले जातात, शेपटीवरची फळी हलते, नाक वर जातं. वाऱ्याचा जोर फळीवर आला की तो तारेतून हाताला जाणवतो. वेग कमी झाला तर दांडी सैल लागते. शिकणाऱ्याला पुस्तकाआधी हातच शिकवतो.

जळगावच्या पिंप्राळ्यात आषाढी एकादशीला विठ्ठलाचा रथ निघतो तेव्हा दोर शेकडो हात ओढत असतात, पण रथ कुठे वळणार आणि कुठे थांबणार हे मोगरी लावणाऱ्यांवर असतं. लाकडाची मोगरी चाकाखाली कधी आणि कोणत्या कोनात सारायची, हे ते चाकाकडे बघून ठरवतात. चाक आणि मोगरी यांच्यामध्ये तिसरं कुणी नसतं. प्रशिक्षणाचं छोटं विमान असंच चालतं. ए-३२० मध्ये मात्र वैमानिक आणि शेपटी यांच्यामध्ये संगणक आहे. वैमानिक दांडी हलवतो ती एक विनंती असते. संगणक ती वाचतो, वेग, उंची, वाऱ्याचा कोन यांचा हिशेब करतो आणि मग फळी किती हलवायची ते ठरवतो. याला फ्लाय-बाय-वायर म्हणतात. १९८८ मध्ये सेवेत आलेलं ए-३२० हे डिजिटल फ्लाय-बाय-वायरवर चालणारं पहिलं प्रवासी विमान.

या व्यवस्थेने खूप जीव वाचवले आहेत, हेही तितक्याच ठामपणे सांगायला हवं. वैमानिकाने घाबरून दांडी पूर्ण मागे ओढली तरी ए-३२० चा संगणक पंखाची उचल संपू देत नाही. १५ जानेवारी २००९ रोजी पक्ष्यांच्या धडकेने दोन्ही इंजिनं गेलेलं अमेरिकी ए-३२० न्यूयॉर्कच्या हडसन नदीवर उतरलं आणि १५५ च्या १५५ माणसं वाचली. तिथे वैमानिकाचं कौशल्य होतंच, पण संगणकानेही नाक मर्यादेबाहेर जाऊ दिलं नाही. जगभरात विमानप्रवास इतका सुरक्षित झाला त्यात या यंत्रणांचा वाटा मोठा आहे. माझी तक्रार संगणक मध्ये आला याबद्दल नाही. तो कुणाचं ऐकतो आणि माणसाला काय सांगतो, याबद्दल आहे.

कुणाचं ऐकायचं, हा प्रश्न मुंबईने संगणकाच्याही आधी पाहिला होता. १ जानेवारी १९७८ च्या रात्री एअर इंडियाचं ‘सम्राट अशोक’ हे बोइंग ७४७ सांताक्रूझहून दुबईसाठी उडालं आणि १०१ सेकंदांत वांद्र्याच्या समुद्रात कोसळलं. सगळे २१३ जण गेले. समुद्रावर काळोख होता, क्षितिज दिसत नव्हतं, म्हणून विमान सरळ आहे की कललेलं हे सांगणाऱ्या उपकरणावरच भिस्त होती. वळण घेऊन विमान सरळ झालं, पण कॅप्टनसमोरचं उपकरण उजवीकडे कललेलंच दाखवत राहिलं. ते दुरुस्त करायला त्याने विमान डावीकडे, आणखी डावीकडे कलवलं. सहवैमानिकासमोरचं उपकरण बरोबर होतं. पण दोघांचं जुळत नाही म्हटल्यावर त्याला वाटलं, आपलंही बिघडलं आहे. मध्यभागी तिसरं उपकरण होतं आणि फ्लाइट इंजिनिअरने त्याकडे लक्ष वेधायचा प्रयत्न केला. तोवर उंची संपली होती. दोन साक्षीदारांची साक्ष जुळत नसेल तर तिसऱ्याला विचारायचं, हा नियम विमानशास्त्राने अशा रात्रींतून शिकला आहे.

म्हणूनच बोइंग ७३७ मॅक्सची गोष्ट इतकी असह्य वाटते. चाळीस वर्षांनी, जगातल्या सगळ्यात अनुभवी कंपनीने, एकाच साक्षीदारावर विसंबणारं सॉफ्टवेअर विमानात बसवलं.

७३७ पहिल्यांदा उडालं १९६७ मध्ये. ते जमिनीला लागून, बुटकं बनवलं होतं, कारण त्या काळी लहान विमानतळांवर शिडी आणि सामान चढवणं सोपं जावं असा विचार होता. पुढे इंजिनं मोठी होत गेली. एअरबसने २०१० च्या अखेरीस कमी इंधन खाणाऱ्या इंजिनांचं ए-३२० निओ जाहीर केलं आणि बोइंगला घाई झाली. नवं विमान बनवण्याऐवजी २०११ मध्ये कंपनीने जुन्याच ७३७ ला नवी मोठी इंजिनं लावायचं ठरवलं. ती पंखाखाली मावेनात, म्हणून थोडी पुढे आणि वर सरकवली. त्यामुळे नाक खूप वर असताना विमान आणखी वर उचललं जायला बघायचं आणि दांडी हाताला जुन्या ७३७ पेक्षा हलकी लागायची. हे वैमानिकाला जाणवू नये म्हणून एक सॉफ्टवेअर लिहिलं गेलं: मॅन्युव्हरिंग कॅरॅक्टरिस्टिक्स ऑग्मेंटेशन सिस्टिम, थोडक्यात एमकॅस. वाऱ्याचा कोन धोक्याच्या जवळ गेला की एमकॅस शेपटीचा अख्खा आडवा पंख थोडा फिरवून नाक खाली आणतं.

जाणवू नये यामागे पैशाचं गणित होतं. मॅक्स हे जुन्या ७३७ सारखंच आहे, सिम्युलेटरवर नव्याने शिकावं लागणार नाही, हा विक्रीचा मोठा मुद्दा होता. अमेरिकेच्या साउथवेस्ट एअरलाइन्सशी केलेल्या करारात तर सिम्युलेटरचं प्रशिक्षण लागलंच तर विमानामागे दहा लाख डॉलरची सूट द्यायचं कलम होतं. त्यामुळे एमकॅसचा उल्लेख वैमानिकांच्या माहितीपुस्तकात आलाच नाही. विमान उडवणाऱ्याला ते विमानात आहे हेच ठाऊक नव्हतं.

सुरुवातीच्या आराखड्यात एमकॅस शेपटीचा पंख एका वेळी ०.६ अंश फिरवू शकत होतं आणि त्यासाठी दोन वेगळ्या गोष्टी जुळाव्या लागत: वाऱ्याचा कोन आणि विमानावर येणारा भार. चाचण्यांमध्ये कमी वेगालाही त्याची गरज दिसली तेव्हा ही मर्यादा २.५ अंशांवर नेली आणि भाराची अट काढली. उरला फक्त कोन. नाकाजवळ दोन्ही बाजूंना कोन मोजणारा एकेक सेन्सर असतो, वाऱ्यात फिरणाऱ्या छोट्या पात्यासारखा. एमकॅस एका उड्डाणात त्यांतल्या एकाचंच ऐकत असे. दुसरा काय म्हणतो ते विचारतच नसे. दोन सेन्सर जुळत नसल्याची सूचना मॅक्सच्या पडद्यावर यायला हवी होती, पण सॉफ्टवेअरमधल्या चुकीमुळे ती जादा पैसे मोजून कोनदर्शक घेतलेल्या विमानांतच येत होती. हे कंपनीला २०१७ मध्येच समजलं होतं.

२८ ऑक्टोबर २०१८. इंडोनेशियाच्या लायन एअरच्या मॅक्सला बालीतल्या देनपसारला डाव्या बाजूचा कोन सेन्सर नवा बसवला. नवा म्हणजे अमेरिकेत दुरुस्त होऊन आलेला वापरलेला, आणि तो २१ अंशांनी चुकीचा जुळवलेला होता. त्या संध्याकाळी जकार्ताला जाताना विमान पुन्हा पुन्हा नाक खाली करू लागलं. कॉकपिटमध्ये जादा आसनावर बसलेल्या तिसऱ्या वैमानिकाच्या लक्षात आलं की शेपटीचा पंख आपोआप फिरतो आहे. त्या पंखाची वीज तोडणारे दोन स्विच बंद केले गेले आणि विमान जकार्ताला उतरलं. दुसऱ्या दिवशीच्या चमूला या प्रसंगाची पुरती माहिती मिळाली नाही.

२९ ऑक्टोबरच्या सकाळी सहा वीसला तेच विमान पुन्हा उडालं. कॅप्टन होता भव्य सुनेजा, दिल्लीचा तरुण, सहा हजारांहून अधिक तास उडवलेला. उड्डाण करताच त्याच्या दांडीला थरथर सुरू झाली. ती उचल संपत आल्याची इशारत असते, पण इथे चुकीच्या कोनामुळे येत होती. वेग आणि उंची दाखवणारे दोन्ही बाजूंचे आकडे जुळेनात. पंखांच्या मागच्या फळ्या आत घेतल्यावर एमकॅस जागं झालं.

इथे एक वस्तू जवळून पाहायला हवी. ७३७ च्या दोन आसनांमध्ये एक चौथरा असतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक मोठं काळं चाक, पांढरा पट्टा ओढलेलं. शेपटीचा पंख फिरला की ही चाकं खडखड करत फिरतात, कॅप्टनच्या उजव्या गुडघ्याशी. म्हणजे या जुन्या विमानात यंत्र निदान काहीतरी सांगत होतं. पण हे चाक नेहमीच्या उड्डाणातही मधूनमधून फिरतं, म्हणून त्याचं फिरणं वैमानिकाला वावगं वाटत नाही. त्यात दांडी थरथरते आहे, इशारे वाजत आहेत, नियंत्रण कक्ष बोलतो आहे. सुनेजा अंगठ्याखालचं बटण दाबून नाक वर आणायचा. एमकॅस पाच सेकंद थांबायचं आणि पुन्हा नऊ-दहा सेकंद नाक खाली दाबायचं. पुन्हा बटण, पुन्हा पाच सेकंद. वीसहून अधिक वेळा त्याने ते विमान सावरलं. मग त्याने विमान सहवैमानिकाकडे दिलं, ते बहुधा माहितीपुस्तकात उपाय सापडतो का ते पाहायला. सहवैमानिकाचं बटण दाबणं थोडं कमी पडलं. सहा बत्तीसला विमान जावाच्या समुद्रात गेलं. १८९ माणसं. ज्या पुस्तकात उत्तर शोधायचं त्यात एमकॅसचं नावच नव्हतं.

या अपघातानंतर बोइंगने एक सूचना काढली: असं झालं तर वीज तोडणारे स्विच बंद करा. विमानं उडत राहिली. १० मार्च २०१९ रोजी इथिओपियन एअरलाइन्सचं मॅक्स अदिस अबाबाहून नैरोबीला निघालं आणि सहा मिनिटांत कोसळलं. १५७ जण गेले, त्यांत भारतीयही होते. तिथल्या वैमानिकांनी स्विच बंद केले होते. पण तोवर विमानाचा वेग इतका वाढला होता की शेपटीवर वाऱ्याचा प्रचंड दाब आला आणि ते काळं चाक हाताने फिरेना. वीज पुन्हा जोडली, तसं एमकॅस पुन्हा सुरू झालं. डावा सेन्सर ७४.५ अंश दाखवत होता, उजवा सुमारे १५. विमान हवेत उभं राहिल्यासारखा तो आकडा. कुठल्याही शिकाऊ वैमानिकाने पाहताक्षणी म्हटलं असतं की हे शक्य नाही. सॉफ्टवेअरला तसं म्हणायला कुणी शिकवलं नव्हतं.

दोन अपघातांत ३४६ बळी. त्यानंतर काही दिवसांतच जगभर मॅक्स जमिनीवर आलं. भारतात नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, मार्च २०१९ मध्ये स्पाइसजेट आणि जेट एअरवेजकडची मॅक्स थांबवली. अमेरिकेत नोव्हेंबर २०२० मध्ये आणि भारतात ऑगस्ट २०२१ मध्ये पुन्हा उडायची परवानगी मिळाली. जानेवारी २०२१ मध्ये बोइंगने अमेरिकी सरकारशी अडीच अब्ज डॉलरची तडजोड केली. आपल्या दोन तांत्रिक वैमानिकांनी एमकॅसबद्दल नियामकांना अंधारात ठेवलं, हे त्या तडजोडीत कंपनीने मान्य केलं. बदलाची यादी वाचताना राग येतो, कारण ती इतकी साधी आहे. दोन्ही सेन्सरची तुलना करा, फरक मोठा असेल तर एमकॅसने गप्प बसावं. एका प्रसंगात ते एकदाच चालेल. वैमानिकाने दांडी ओढली तर त्याचीच ताकद जास्त ठरेल. न जुळणाऱ्या सेन्सरची सूचना सगळ्या विमानांत येईल. आणि वैमानिकांना सिम्युलेटरवर हे सगळं दाखवलं जाईल. यातलं काहीही २०१६ मध्ये अशक्य नव्हतं.

चुकीच्या आकड्यावर विश्वास ठेवणारं यंत्र फक्त मॅक्समध्येच होतं असं नाही. २५ फेब्रुवारी २००९ रोजी ॲमस्टरडॅमजवळ टर्किश एअरलाइन्सच्या जुन्या ७३७ ला डाव्या उंचीमापकाने सांगितलं की आपण जमिनीवर आलो आहोत, वजा आठ फूट. इंजिनांचा जोर सांभाळणाऱ्या ऑटोथ्रॉटलने त्याचं ऐकून इंजिनं मंद केली. विमान अजून हवेत होतं. वैमानिकांच्या लक्षात येईतो वेग संपला होता. ९ जण मेले. त्याच्या चार महिने आधी, ७ ऑक्टोबर २००८ रोजी, सिंगापूरहून पर्थला जाणारं क्वांटासचं ए-३३० समुद्रावर असताना दोनदा अचानक नाक खाली घालून पडलं. माणसं छतावर आपटली, शंभरावर जखमी झाली, पण कुणी मेलं नाही. त्या विमानात कोन सांगणारे तीन वेगळे स्रोत होते आणि संगणक त्यांची तुलनाही करत होता. तिघांतल्या एकाने चुकीचे आकडे एका विशिष्ट अंतराने पाठवले आणि तुलनेचं गणित नेमकं त्या अंतरावर फसलं. तीन साक्षीदार पुरेसे असतात हे खरं, पण त्यांची उलटतपासणी करण्याची रीतही नीट असावी लागते.

अगदी अलीकडे, ३० ऑक्टोबर २०२५ रोजी, मेक्सिकोतल्या कान्कुनहून निघालेल्या जेटब्लूच्या ए-३२० ने हवेत अचानक नाक खाली घातलं. प्रवासी जखमी झाले. एअरबसच्या तपासात निघालं की शेपटी आणि पंखांच्या फळ्या हलवणाऱ्या एका संगणकातली माहिती सूर्याच्या तीव्र किरणोत्सर्गाने बिघडू शकते. नोव्हेंबरच्या अखेरीस जगभरच्या सुमारे ६,००० विमानांना आधीच्या सॉफ्टवेअरवर परत आणायचा आदेश निघाला. भारतातली तीनशेहून अधिक विमानं त्यात होती आणि ते काम काही दिवसांत उरकलं. एकही माणूस न गमावता. मॅक्सच्या वेळी पहिल्या अपघातानंतर साडेचार महिने गेले होते, म्हणून हा वेग मला महत्त्वाचा वाटतो.

अहमदाबादचा १२ जून २०२५ चा अपघात वाचकांच्या मनात असेल. त्यानंतर सॉफ्टवेअरबद्दलही बरंच बोललं गेलं. जुलै २०२५ च्या प्राथमिक अहवालाने नोंदवलं की उड्डाणानंतर लगेच दोन्ही इंजिनांचे इंधनाचे स्विच एका सेकंदाच्या अंतराने बंदच्या स्थितीत गेले. ते का गेले, हे त्या अहवालात नाही. त्या अपघातात आपल्या महाराष्ट्रातली माणसंही गेली आहेत. त्यांच्या घरच्यांसाठी तरी अर्धवट माहितीवर कारण ठरवू नये, म्हणून या अपघाताला मी वरच्या रांगेत बसवत नाही.

आता पुन्हा खानदेशाकडे वळू. जळगावहून फ्लाय ९१ या विमान कंपनीने २०२४ मध्ये गोवा, हैदराबाद आणि पुण्याची सेवा सुरू केली. तिची विमानं एटीआर ७२, पंख्यांची. यात फ्लाय-बाय-वायर नाही. हातातल्या दांडीपासून फळ्यांपर्यंत तारा आणि दांडेच आहेत, गोंदूरच्या शिकाऊ विमानासारखे, फक्त मोठे. तरीही एटीआरमध्ये ‘स्टिक पुशर’ नावाची यंत्रणा आहे. उचल संपायला आली की ती स्वतःहून दांडी पुढे ढकलते आणि नाक खाली आणते. काम एमकॅसच्या जवळचं. पण ती ढकलते ती वैमानिकाच्या हातातलीच दांडी, म्हणजे यंत्र काय करतं आहे ते हाताला त्याच क्षणी कळतं. ती बंद करायचं बटण कॉकपिटमध्ये आहे, तिचं वर्णन माहितीपुस्तकात आहे, आणि एटीआर उडवायचा परवाना घेण्याआधी वैमानिकाने सिम्युलेटरवर ती दांडी आपल्या हाताला पुढे सरकताना अनुभवलेली असते.